मेक्सिकोत पत्र्यावर दोन थापा

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या बारीला ही गोष्ट सांगत होतो तेव्हा आमच्या एका दोस्ताच्या नाकातून चहा आल्ता. डोळे लाल, ठसका लागला, अन् नाव माझ्यावर!

ठेवला? हां. मंग आता माझी फजिती ऐका. अशी फजिती तीर्थपुरीत कोणाची झाली न्हाई. होणार तरी कशी? त्यासाठी आधी मेक्सिकोला जावं लागतं!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी तीस वर्षं बसमधी कंडक्टर होतो. अंबड, घनसावंगी, शहागड, तीर्थपुरी. डोळे बांधून सोडा, गचका कोणत्या खड्ड्याचा ते सांगतो. अन् एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगायचो. तीस वर्षांत माझ्या गाडीचं एक शीट, म्हणजे एक पॅसेंजर, मागं राह्यलं न्हाई! पॅसेंजर मोजल्याशिवाय मी पत्र्यावर थाप मारली न्हाई कधी.

तर आमची पोरगी वर्षा अमेरिकेत असती. रिटायर झाल्यावर तिनं आम्हा दोघांना बोलावलं, अन् तिथून आठ दिवस मेक्सिकोला समुद्राकाठी नेलं. गावाचं नाव लिवतात वल्लार्ता अन् म्हणतात वायार्ता. आता दोन-दोन ‘ल’ लिवायचे अन् एक बी म्हणायचा न्हाई, ही कोणती रीत?

हॉटेल म्हणजे काय, राजवाडा! पण तीन दिवसांत जीव कटाळला. समुद्र किती बघायचा? शेवटी समुद्र म्हणजे पाणीच. चौथ्या दिवशी जावईबापूंनी आम्हा चौघांसाठी डोंगरातल्या एका छोट्या गावाची सहल ठरवली. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. गावाचं नाव ताल्पा. तिथं देवीचं मोठं ठाणं आहे म्हणे, लोक लांबलांबून पायी येतात.

देवीचं म्हणल्याबराबर आमची सुमन उठून बसली. तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाई. देवी मेक्सिकोची असो का कुठली, तिला फरक पडत न्हाई.

ऐन वेळेला नातवाला ताप आला. वर्षा म्हणली, “पप्पा, तुम्ही दोघंच जा. गाईडबाई आहेत संगं. फक्त आईचा हात सोडू नका. तिला ना इंग्रजी येतं, ना फोन आहे तिच्याजवळ.”

“अगं, तीस वर्षं सारा तालुका हलवला मी,” म्हणलं, “एक बाई सांभाळता येणार न्हाई?”

बघा. माणूस बोलतो तेव्हा वरून कोणीतरी ऐकत असतं.

गाडी छोटी होती. आम्ही अठरा पॅसेंजर, एक ड्रायव्हर अन् एक गाईडबाई. तिचं नाव लूपे. असंल पन्नाशीची, हसरी बाई. मला विचारलं, तुम्ही काय करता? मी छाती फुगवून सांगितलं, “आय कंडक्टर. थर्टी इयर.”

“ओऽ! ऑर्केस्ट्रा?”

ती ते असं काही म्हणली की मला वाटलं, हे ‘रिटायर’चं स्पॅनिश असंल. म्हणलं, “येस, येस.”

झालं! तिनं माइकवर काहीतरी सांगितलं, अन् सारी गाडी टाळ्या वाजवायला लागली. एका गोऱ्या म्हातारीनं अदबीनं विचारलं, कुठंकुठं कार्यक्रम केले? मला बराबर समजलं न्हाई. म्हणलं, “अंबड टू शहागड. डेली.” म्हातारीनं छातीला हात लावला. तेव्हापासून सारे मला लई मान देऊन राह्यले होते. का, ते मला घरी आल्यावर वर्षानं सांगितलं. तिकडं कंडक्टर म्हणजे काठी हलवून शे-दोनशे वादक वाजवते करणारा!

तीन-साडेतीन तास वळणावळणाचा घाट. वर सुरूवाणी चिडाची झाडं, खाली दरी. ताल्पाला उतरलो तर थंडी! सुमननं तिथल्या दुकानातून राणी कलरची शाल घेतली. गल्लीत पन्नास दुकानं अन् प्रत्येक दुकानात तीच शाल लटकलेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली न्हाई, म्हणून तर ही वेळ आली.

त्या गावात पेरूची वडी फेमस आहे. मी वडीचा वास घेतला अन् लूपेबाईला विचारलं, “धिस पेरू?”

“नो सर,” ती काळजीनं म्हणली, “धिस इज मेक्सिको.”

“नो नो. धिस, धिस! पेरू?”

“पेरू इज व्हेरी फार, सर.”

सुमन तोंडाला पदर लावून हसून राह्यली होती. तोवर सगळं असं मजेत चाललं होतं बघा.

मंग देवळात गेलो. म्हणजे चर्चच ते, दोन उंच मनोऱ्यांचं. आत देवी एवढीशी, हातभर सुद्धा न्हाई, पण अंगावर जरीचा झगा, डोक्यावर मुकुट, सभोवती फुलंच फुलं. एक बाई दारापासून गुडघ्यावर चालत येऊन राह्यली होती. सुमनचे डोळे भरले. हळूच म्हणली, “अवो, आपल्या रेणुकाईवाणीच दिसती हो.”

अन् तिनं पिशवीत हात घातला. बाहेर काय निघालं? नारळ! बाजारात माझा डोळा चुकवून घेतलेला. मंग खण. तीर्थपुरीहून आणलेला, जरीकाठाचा. मंग हळदी-कुंकवाची पुडी अन् मूठभर तांदूळ.

“हे काय करून राह्यलीस?”

“ओटी भरते.”

“डोकं फिरलं का? हे त्यांचं चर्च आहे! हाकलून देतील!”

“कोण हाकलतं? बाईनं बाईची ओटी भरायची, त्यात काय?”

इथं मी गप बसायला पाहिजे होतं. पण आमच्या गाडीतले दोन-तीन जण बघायला लागले होते, अन् मला मान मिळून राह्यला होता ना सकाळपासून! माझा आवाज चढला. “ठेव आधी ते पिशवीत! तुला कुठं न्यायची सोय न्हाई बघ. खेडवळ ती खेडवळच!”

चर्चमधी आवाज घुमतो राव. ‘खेडवळ’ वरपर्यंत जाऊन परत आलं.

सुमननं एकेक वस्तू पिशवीत ठेवली. तांदूळ सुद्धा, एकेक दाणा वेचून. आमच्या हिच्या रागाला आवाज नसतो. आवाज असता तर सोपं झालं असतं.

जेवण झालं. अडीचला उठली, म्हणली, “मी जरा येते.” मी मोबाईलमधी डोकं घालून नुसतं ‘हं’ केलं. तिच्याकडं बघितलं बी न्हाई. गाडी तीनला सुटणार होती.

तीनला पाच कमी असताना मी गाडीजवळ. लूपेबाई पॅसेंजर मोजायला लागली, तेवढ्यात त्या गोऱ्या म्हातारीनं तिला काहीतरी विचारलं, अन् तिचा आकडा चुकला. परत पहिल्यापासून! परत चुकली. माझ्यातला कंडक्टर किती वेळ गप बसंल?

“मॅडम, आय काउंट!”

चढलो गाडीत. एक, दोन, तीन, चार. तिसऱ्या रांगेत खिडकीला राणी कलरची शाल. डोक्यावरून ओढलेली, तोंड खिडकीकडं. आमची बसलीये फुगून. पाच. मागची बाकं मोजली. सतरा, अन् मी अठरा. बराबर! मी दारात उभा राहून पत्र्यावर दोन थापा मारल्या. “चलाऽ, जाऊ द्या!”

ड्रायव्हरला मराठी येत न्हाई. पण दोन थापा जगात कुठं बी समजतात. गाडी सुटली.

मी सुमनच्या बाजूला बसलो न्हाई, मागच्या बाकावर बसलो. म्हणलं थोडा राग उतरू दे. गाडी गावाबाहेर पडली, घाट लागला. दहा मिनिटं गेली. ती वळून बघंना. शालीतून हूं न्हाई का चूं न्हाई.

अन् ते तांदूळ वेचणं डोळ्यासमोरून हलंना. बाई जन्मात पहिल्यांदा देशाबाहेर आली. खण तीर्थपुरीहून सांभाळून आणला. अन् मी चार परक्या माणसांपुढं तिला खेडवळ म्हणलो? अन् मी कुठला? लंडनचा?

मी पुढच्या दोन बाकांच्या फटीत तोंड घातलं अन् हळू आवाजात सुरू केलं.

“सुमन, चुकलं माझं.”

शाल हलली न्हाई.

आता तुम्हाला खरं सांगतो, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, ‘चुकलं’ हा शब्द मी तिला कधी म्हणलो नव्हतो. पण एकदा तोंडातून निघाला, तर मागून सारी रांगच लागली. म्हणलं, “सुमन, साऱ्या तालुक्याच्या बायकांना मी देवाला नेऊन आणलं, तुला माहेरच्या जत्रेला दरसाल नेतो म्हणलो अन् चारदा नेलं. वर्षा झाली तेव्हा तू दवाखान्यात अन् मी ड्युटीवर. तुझी आई गेली तेव्हा बी सगळं उरकल्यावर पोचलो. तू कधी बोलली न्हाईस, अन् मला वाटलं तुला काही वाटतच न्हाई. आज बी तुझं काय चुकलं? देवीची ओटीच भरत होतीस ना? मीच लोकांना भ्यालो. तू खेडवळ न्हाईस, मी खेडवळ आहे. माफ कर मला.”

लई बोललो. नाक वाहायला लागलं. घाटाची अर्धी वळणं बोलण्यात गेली. शेवटी हात जोडले अन् थांबलो.

शालीतून एक हात बाहेर आला. कपाळाला लागला, छातीला लागला, दोन्ही खांद्यांना लागला. अन् भरल्या आवाजात उत्तर आलं,

“आमेन!”

आमची सुमन आमेन कधीपासून म्हणायला लागली?

शाल खाली झाली. आतून एक म्हातारी वळली. सत्तरीची, गोल चेहऱ्याची, पांढऱ्या वेणीची. माझ्याकडं बघून मायेनं हसली अन् माझ्या जोडलेल्या हातांवर थोपटलं.

मी उठलो. ओरडलो. काय ओरडलो? माणूस घाबरला की त्याचं इंग्रजी आधी पळून जातं. सुमन मागं राह्यली, हे सांगायचं होतं. मागं म्हणजे बॅक. बराबर?

“मॅडम! माय वाइफ इज बॅक! माय वाइफ इज बॅक!”

लूपेबाईनं हात जोडले. “ओ सर! कॉंग्रॅच्युलेशन्स!”

दुपारचं भांडण साऱ्यांच्या कानावर गेलंच होतं. वाटलं, बायको परत बोलायला लागली. टाळ्या! त्या गोऱ्या म्हातारीनं डोळे पुसले.

“नो! नो! वाइफ इज गॉन! माय वाइफ गॉन!”

टाळ्या बंद. मागच्या एका बाप्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“धिस,” मी त्या शालीतल्या म्हातारीकडं बोट केलं, “धिस नॉट माय वाइफ!”

“नो सर,” लूपेबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणली, “दॅट इज द ड्रायव्हर्स आन्ट.”

ड्रायव्हरची मावशी! पुढच्या गावाला चालली होती, रिकामी जागा दिसली अन् येऊन बसली. अन् मी, तीस वर्षांचा कंडक्टर, तिला बायको म्हणून मोजून पत्र्यावर थापा मारल्या!

“वाइफ ताल्पा!” मी कसंबसं म्हणलं. “बस गो. वाइफ नो गो.”

आता समजलं. लूपेबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, अन् ड्रायव्हरनं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोक्याला लावले. घाटात! दरीच्या कडेला! साऱ्या गाडीनं एकदम किंकाळी मारली, तेव्हा त्यानं परत स्टिअरिंग धरलं.

हसू नका. खरंच सांगतो, तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. फक्त सुमन दिसत होती. जवळ फोन न्हाई. पासपोर्ट हॉटेलात. भाषा ना त्यांची हिला येती, ना हिची त्यांना. हॉटेलचं नाव तर तिला कधीच म्हणता आलं न्हाई. पिशवीत काय? तर एक नारळ अन् एक खण. परक्या देशात त्या नारळानं काय होणार?

“टर्न! टर्न बस!”

पण गाडी वळवणार कुठं? एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. रुंद जागा यायला अजून वेळ होता. तोवर पुढंच जायचं. म्हणजे प्रत्येक वळणाला मी तिच्यापासून आणखी लांब चाललो होतो. जन्मभर गाडी पुढं नेली, पण असं पुढं जाणं कधी काळजात रुतलं नव्हतं.

अन् तेव्हाच मला शहागडची ती बाई आठवली. पुष्कळ वर्षं झाली. गर्दीची गाडी होती. शहागडहून आठ-दहा किलोमीटर पुढं आल्यावर तिनं आरडाओरडा केला, तिचा नवरा पाणी आणायला उतरला अन् चढलाच न्हाई. मी काय म्हणलो? “येईल मागच्या गाडीनं. रडायला काय झालं?” म्हणजे माझ्या गाडीचं शीट मागं राह्यलं होतं की! मी ते कधी धरलंच न्हाई. म्हणायचो, उतरला तो त्याच्या मर्जीनं, त्यात माझी काय चूक? ती बाई सारा रस्ता खिडकीतून मागं बघत राह्यली होती.

आता मी मागच्या काचेतून मागं बघून राह्यलो होतो.

घाटमाथ्यावर रेंज आली अन् माझा फोन वाजला. वर्षा!

“पप्पा, कुठवर आलात? आईला द्या ना फोन.”

“आई ना? आई झोपलीय.”

“बरं, बरं. पांघरूण आहे ना अंगावर?”

“आहे,” म्हणलं, “राणी कलरची शाल आहे.”

देवा! पोटच्या पोरीशी एवढं खोटं कधी बोललो नव्हतो.

तिकडं लूपेबाईनं ताल्पाच्या पेरूवडीवालीला फोन लावला होता. ती बोलत होती, अन् मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिचं तोंड आणखी उतरलं. म्हणली, दुकानदारीण म्हणती राणी कलरची शाल घेतलेली एक बाई आत्ताच ग्वादालाहाराच्या बसमधी चढताना दिसली.

“ग्वादालाहारा हाऊ फार?”

“फोर अवर्स, सर.”

मी तिथंच खाली बसलो. दोन बाकांच्या मधी, खाली. आमची सुमन औरंगाबादला कधी एकटी गेली न्हाई! कोणत्यातरी लाखो लोकांच्या शहरात सांजच्याला उतरंल, नारळ घेऊन उभी राहील, अन् कोणाला काय सांगंल?

एका बाप्यानं मधीच विचारलं, आम्हाला हॉटेलला पोचायला उशीर होईल का? त्यावर त्या गोऱ्या म्हातारीनं त्याला असं काही झापलं की तो टोपी तोंडावर ओढून बसला. ड्रायव्हरची मावशी उठून माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला. काय म्हणत होती ते तिलाच ठाऊक, पण हात सोडला न्हाई.

शेवटी रुंद जागा आली. ड्रायव्हरनं गाडी वळवली अन् मंग अशी हाणली की आमच्या अंबड डेपोतले सारे ड्रायव्हर त्याच्या पाया पडले असते. मी प्रत्येक येणाऱ्या गाडीत वाकून बघत होतो. एक मोठी बस समोरून आली. खिडकीत राणी कलर! “स्टॉप! स्टॉप!” ती गेली निघून. तिच्या मागच्या खिडकीत बी राणी कलर. तिच्या मागच्या बी! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, पन्नास दुकानं एकच शाल विकून राह्यली होती! पेरूवडीवालीनं बघितलेली बाई कोणी बी असू शकती. अन् सुमन बी असू शकती.

गाडी थांबायच्या आधी मी उतरलो. जिथून गाडी सुटली तो कोपरा बघितला. कोणी न्हाई. जिथं जेवलो ते दुकान बघितलं. न्हाई. चौकातले सारे बाक बघितले. “सुमन! सुमनऽ!” भर चौकात, मेक्सिकोत, माझा आवाज फाटून गेला. राणी शालीतल्या तीन बायांच्या समोर जाऊन उभा राह्यलो. तिन्ही निराळ्या.

चौथ्या वेळेला कोणीतरी माझी बाही ओढली. ड्रायव्हरची मावशी. तिनं मान हलवली, माझा हात धरला अन् मला ओढत चर्चच्या पायऱ्या चढायला लागली. बायांना बायांचं ठाऊक असतं राव. मला एवढ्या वेळात हे सुचलं न्हाई.

आत पहिल्याच बाकावर सात-आठ बाया कोंडाळं करून बसल्या होत्या. मधी आमची सुमन! हातात वाफ येत असलेली कॉफी, मांडीवर गोड पाव, अन् कपाळाला कुंकू लावलेल्या सात मेक्सिकन बाया तिच्याकडं कौतुकानं बघून राह्यल्या होत्या. समोर कठड्यापाशी फुलांच्या ढिगात आपला नारळ अन् खण, त्यावर तांदळाचे दाणे.

तिनं वर बघितलं.

“आलात?”

एवढंच!

“अगं, तू... गाडी... मी तर...”

“बघितली मी गाडी,” ती म्हणली. “ओटी भरून जल्दी पळत आले मी. कोपऱ्यावरून हात बी केला. तुम्ही दारात उभं राहून पत्र्यावर थापा मारत होतात.” मंग आवाज बारीक झाला. “मला वाटलं, जाणूनबुजून टाकून गेलात.”

तुम्हाला सांगतो, त्या साऱ्या घाटात जेवढी भीती वाटली न्हाई ना, तेवढी त्या एका वाक्यानं वाटली. जाणूनबुजून! पस्तीस वर्षं संगं राहून माझ्या बायकोला माझ्याबद्दल हे खरं वाटू शकलं. दीड तास ती हेच धरून बसली होती.

“न्हाई गं. देवीशप्पथ न्हाई!”

“मंग मी म्हणलं, नवरा सोडून गेला तरी देवी कुठं जाती? येऊन बसले. ह्या बायांनी विचारलं काहीतरी, मी रडले. त्या बी रडल्या. मंग कॉफी आणली.”

एवढ्यात मावशीबाई पुढं आली, सुमनच्या बाजूला बसली अन् लूपेबाईला हातवारे करून भराभर काहीतरी सांगायला लागली. सारखं माझ्याकडं बोट. लूपेबाईनं मला इंग्रजीत सांगितलं, अन् मला सुमनला सांगावं लागलं. मधी एक शब्द गाळायची सोय नव्हती, कारण हातवाऱ्यांनीच अर्धं कळून राह्यलं होतं.

“काय म्हणती ती?”

“म्हणती की, मी गाडीत लई मनापासून प्रार्थना केली.”

“प्रार्थना? तुम्ही?” सुमनची कॉफी हिंदकळली. “घरच्या आरतीला तुम्ही टाळ्या वाजवत न्हाई!”

“प्रार्थना न्हाई गं.” मी खाली बघितलं. “माफी मागत होतो. तुझी. शालीवरून तिला तू समजलो.”

सुमन माझ्याकडं बघत राह्यली. मंग त्या सत्तरीच्या म्हातारीकडं बघितलं. मंग परत माझ्याकडं. तिच्या तोंडावर राग होता का हसू होतं, अजून मला सांगता येत न्हाई.

“मला समजून तिला?”

“हो.”

“मंग आता मला म्हणा की.”

सात बाया, लूपेबाई, ड्रायव्हरची मावशी अन् दारात जमलेले आमच्या गाडीतले सारे पॅसेंजर. सारे माझ्याकडं टक लावून. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. गाडीत जे भडाभडा आलं होतं ते आता चार वाक्यांत उरकलं. म्हणलं, “चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं. परत बोलणार न्हाई. माफ कर.”

बायांनी सुस्कारे सोडले. मला वाटलं, सुटलो!

सुमननं कॉफीचा कप खाली ठेवला. लूपेबाईकडं वळली. अन् जिला इंग्रजी येत न्हाई म्हणून मी ऊर बडवून घेत होतो, त्या बाईनं मावशीकडं बोट करून बराबर विचारलं,

“मॅडम, बस, धिस बाई, हाऊ मेनी मिनिट?”

लूपेबाईनं मावशीला विचारलं. मावशीनं दोन्ही हातांची दहा बोटं उघडली. मिटली. परत दहा उघडली.

“ट्वेंटी मिनिट्स,” लूपेबाई म्हणली.

सुमननं माझ्याकडं बघितलं. “परक्या बाईला वीस मिनिटं,” ती म्हणली, “अन् मला अर्धं मिनिट?”

मी गुमान तिच्या बाजूला बाकावर बसलो, नाक पुसलं अन् परत पहिल्यापासून सुरू केलं. अन् आमची सुमन घड्याळ बघून राह्यली होती!